सात नंबरचा पट्टा

"हा माणूस तबलजी असणार," हेमचंद्र सर म्हणाले, आणि ऑफिसातले सगळे हसले. अक्षताही हसली. हसता हसता तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, दुकान उठून गेल्यावर पाटी राहावी तसं. आकडा सातचा होता. सात नंबरचा पट्टा तिनेच आपल्या हाताने आईच्या मनगटावर बांधला होता.

ध्रुवने ग्राफमधली ती रेघ मोठी करून दाखवली. पट्टा बांधलेल्या बाकीच्यांच्या रेघा सरळ स्वभावाच्या होत्या. माणूस चालला की चढायच्या, बसला की आडव्या व्हायच्या, झोपला की तळाला जायच्या. हिचं उलटंच. पावलं शून्य, माणूस एका जागी बसलेला, आणि पट्ट्यात वीज साठतेच आहे. भर दुपारी साठतेय, संध्याकाळी साठतेय. झोपेत मात्र एकदम गप्प. "आणि गंमत बघा," ध्रुव म्हणाला, "चालताना बाकीच्यांपेक्षा कमी. म्हणजे हा चालतो तेव्हा हात हलवत नाही आणि बसला की हलवतो. कोण असं करतं, यार?" कोणी म्हणालं, शिलाई मशीनवाला. कोणी म्हणालं, परीक्षेला बसलेला मुलगा. सर खुर्चीत मागे रेलले. "कोणी का असेना. शुक्रवारी पैसे गुंतवणारी बंगळूरची माणसं येतायत, त्यांना हाच ग्राफ दाखवू. बसल्या बसल्या वीज! यापेक्षा काय पाहिजे?"

"पट्टा बिघडला असेल, सर," अक्षता म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखा आला याचं तिला नवल वाटलं. "आतली पट्टी सैल झाली असेल."

"सैल पट्टी अशी लयीत नाही हलत," ध्रुव म्हणाला. त्याने रेघ आणखी ताणली, तशा तिच्यातल्या बारीक लाटा उघड्या झाल्या. एकसारख्या, एकमेकींच्या पाठीला लागून, सेकंदाला चार-पाच. अक्षताने हा वेग वाचलेला होता. पट्ट्याचं काम सुरू झालं तेव्हा माणसाचं अंग कुठल्या कुठल्या वेगाने हलतं यावरच्या सगळ्या वाचनाचा तिने फडशा पाडला होता: चालणं, धावणं, जिना उतरणं, श्वास. त्यात एका पानावर हाही वेग होता आणि त्याच्यापुढे एका आजाराचं नाव होतं. आपल्याला चालणारी माणसं हवीत म्हणून तिने ते पान उलटलं होतं.

त्यांची कंपनी म्हणजे लोअर परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तिसऱ्या मजल्यावरचा गाळा. खाली छापखाना. कंपनीचं पहिलं यंत्र त्याच छापखान्याच्या भिंतीला चिकटवलेलं होतं, बिस्किटाएवढं. छपाईचं मशीन धडधडलं की भिंत हादरायची आणि त्या हादऱ्यावर ते जगायचं, आजूबाजूची उष्णता किती ते कळवत राहायचं. रविवारी छापखाना बंद, की तेही गप्प. अक्षताला ते फार आवडायचं. कुणाकडे काही मागायचं नाही, प्लग नाही, सेल नाही. जगाची जी धडधड चाललेलीच आहे तिच्यातलं सांडलेलं उचलायचं. मग मनगटाचा पट्टा आला, पावलं आणि झोप मोजणारा. आत तांदळाच्या दाण्याएवढं वजन लावलेली एक पातळ पट्टी. हात हलला की ती थरथरते आणि थेंब थेंब वीज होते. शिवाय एक चकती, जी कातडीची ऊब आणि बाहेरची हवा यांच्या फरकावर चालते. पण मुंबईत हा फरक असतो कुठे? गाळ्यातल्या एसीत चकती जोरात चालायची आणि माणूस रस्त्यावर आला की दम टाकायची. उरायचा तो हात. म्हणून वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या कामांच्या माणसांच्या मनगटावर पट्टे बांधायचं ठरलं, आणि अक्षताने एक घरी नेला. आईने तो उलटसुलट करून पाहिला होता. "याला सेल नाही? मग खातं काय?" "तू हात हलवतेस ना, त्यातलं थोडं. नाहीतरी वायाच जातं ते." आई म्हणाली, "वेचून खाणारं आहे म्हणजे." ऑफिसात सगळे हार्वेस्टिंग म्हणत, अक्षता त्या दिवसापासून मनात वेचणंच म्हणू लागली होती.

ती ऑफिसातून लवकर निघाली आणि चालत निघाली. घर डिलाईल रोडला, पूल ओलांडला की चाळ. एरवी हे अंतर कळतही नसे. आज तिच्या पायांना घाई नव्हती. पुलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात ती बघत राहिली. सगळ्यांचे हात हलत होते. कुणाचा पिशवीसकट, कुणाचा फोनसकट, पण प्रत्येक पावलाला एक झोका. इतकी साधी गोष्ट. आईबरोबर ती शेवटची कधी चालली? बुद्धविहारात, पौर्णिमेला. आईचा उजवा हात पोटाशी होता, पदर धरलेला. पदर धरायची सवय आईला कधी होती? चाळीस वर्षं जिने ड्यूटीवर पदर खोचून काम केलं, तिला?

आई परळच्या हॉस्पिटलात नर्स होती. शाळा सुटली की लहानपणी अक्षता वॉर्डातल्या टेबलाशी येऊन बसायची, गृहपाठ करायची आणि आईचे हात बघायची. पेशंटच्या कोपराच्या खोबणीत आई दोन बोटांनी टिचक्या मारायची, क्षणभर थांबायची, जणू आतून कोणी उत्तर देणार आहे, आणि मग "मुंगी चावेल हं" म्हणेपर्यंत सुई आत गेलेली असायची. दुसऱ्या वॉर्डातून निरोप यायचे: शीर सापडत नाही, राधा सिस्टरला पाठवा. वडील, कोंडीराम, गिरणी बंद पडल्यावर पुष्कळ दिवस कामाशिवाय घरी होते. तेव्हा घर त्या दोन बोटांवर चाललं. वडील हे सगळ्यांसमोर बोलून दाखवायचे. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. ते गेल्यानंतर, आई निवृत्त झाल्यानंतरही चाळीत आई सिस्टरच राहिली. कोणाचं इंजेक्शन, कोणाचं ड्रेसिंग. शेजारच्या गंगुबाईंना तर रोज सकाळी आईच इन्सुलिन द्यायची. मग गेल्या वर्षी कधीतरी आईने त्यांना बसवून सगळं शिकवलं. "स्वतःचं स्वतः घ्यायला शिका गंगुबाई, मी काय कायमची पुरणार आहे?" सगळ्या मजल्याने आईचं कौतुक केलं. अक्षताने तर ही गोष्ट ऑफिसात सांगितली होती, माझी आई कशी शिकवते बघा म्हणून. आता पुलाच्या मध्यावर ते कौतुक तिला दगडासारखं जड झालं. आणि एक दगड हलला की खालचे दिसू लागतात तसं झालं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या. धणे, हळद, खसखस. जुन्या चिठ्ठ्यांवरची आईची अक्षरं टपोरी, नव्या चिठ्ठ्यांवरची मुंग्यांसारखी, ओळीच्या शेवटी आणखीच बारीक. अक्षता त्यावर म्हणाली होती, आई, चष्म्याचा नंबर बदल. आईने निमूटपणे जाऊन नंबर बदलून आणला होता.

घरी आई सुकट निवडत बसली होती. मांडीवर सूप, समोर टीव्हीवर बातम्या, आवाज बंद. अक्षता दारातच चपला काढता काढता थांबली आणि आईच्या हातांकडे बघत राहिली. हात स्थिर होते. बोटं सुकटीतला कचरा उचलत होती, बाजूला टाकत होती, पुन्हा उचलत होती. थोडी सावकाश, एवढंच. यंत्र बिघडलंय, ध्रुवला काय कळतंय! ती हातपाय धुऊन आली, चहा टाकला, आईला कप दिला. आईने तो डाव्या हाताने घेतला. सूप खाली ठेवलं आणि उजवा हात मांडीखाली सरकवला. अगदी सहज, थंडीत माणूस हात उबेला नेतो तसा. बाहेर फेब्रुवारीचं ऊन होतं.

तेव्हा अक्षताच्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांत तिने आईला रिकाम्या हाताने बसलेलं पाहिलंच नाही. सतत काहीतरी. लसूण सोलणं, पेपराच्या घड्या, धुतलेल्या ओट्यावर पुन्हा फडकं, लोकरीचं टोपडं विणायला घेणं आणि उसवणं. कामाला लागला की हा हात शहाण्यासारखा वागतो. त्याला रिकामा सोडला की तो स्वतःचं सुरू करतो. त्या उलटलेल्या पानावर हेही लिहिलेलं होतं. आईला ते पान वाचायची गरज नव्हती. मेडिकल वॉर्डात तिने असे किती हात धरले असतील. म्हणजे ही सगळी लगबग, जिला अक्षता आईचा स्वभाव समजत होती, ती एक पहारा होती. आणि अक्षता त्या पहारेकऱ्याला रोज म्हणत होती, आई, किती करशील, जरा स्वस्थ बस ना.

"आई, तो पट्टा दे. दुसरा आणते. हा बिघडलाय."

"बिघडलाय? कसा?"

"चुकीचं दाखवतोय."

आईने चहाचा घोट घेतला. "काय दाखवतोय?"

अक्षताने आईच्या कप धरलेल्या मनगटाकडे पाहिलं आणि मग नीट पाहिलं. ते रिकामं होतं. "मी डाव्या हाताला बांधला होता."

"मीच बदलला. कामाला सगळा उजवा हात लागतो. म्हटलं, तुझ्या यंत्राचं पोट भरेल." आई बातम्यांकडे बघत बोलत होती. बिनआवाजाचा निवेदक कशावर तरी तावातावाने बोलत होता. "काय दाखवतोय, अक्षू? बोल की."

"तू बसलेली असतेस तेव्हा..." अक्षता म्हणाली. "तेव्हा हात हलतो."

आईने कप खाली ठेवला. मांडीखालून उजवा हात काढला आणि मांडीवर ठेवला, उताणा. काही क्षण तो नुसता पडून होता. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासू लागली, चिमटीत तपकीर चोळावी तशी, आणि हळूहळू सगळा पंजा त्या लयीत शिरला. अक्षताने ही लय दुपारी पडद्यावर पाहिली होती. तिथे ती सुंदर दिसत होती.

"चैत्यभूमीला," आई म्हणाली. "सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात आपला वैद्यकीय कॅम्प असतो ना, तिथे. अकोल्याकडची एक म्हातारी आली होती, दोन दिवस प्रवास करून, पाय सुजलेले. मी तिचं प्रेशर बघत होते. ती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, बाई, तुमीच दमल्या का? आणि माझाच हात तिने दोन्ही हातात धरून ठेवला. मागे एवढी रांग, आणि ती सोडेना. मला राग आला तिचा. खरंच, फार राग आला. मग मी औषधाच्या काउंटरला जाऊन बसले. गोळ्या मोजायच्या, द्यायच्या. त्यात काही होत नाही."

"कुणाला दाखवलंस?"

"कशाला? मला माहितीय काय ते."

"मला सांगायचंस ना, आई."

"रोज सांगायचं ठरवायचे. तू दमून यायचीस, तुझं ते शुक्रवारचं, सोमवारचं. आणि एकदा बोललं की मग तू बघणार. चमचा उचलला की बघणार, जिना उतरले की बघणार. मी बघितलीत ती घरं, अक्षू. माणूस राहत नाही, नुसता हात राहतो." आईने हाताची मूठ केली, सोडली. "गंगुबाईंच्या दंडाला एकदा सुई दोनदा टोचावी लागली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना शिकवायला लागले."

"मग हा पट्टा कशाला घातलास? त्यातून कळणार, हे तुला माहीत होतं."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता, तो थांबल्यावर आईचा आवाज आला. "तुला कळावं असं मला वाटत होतं की कळू नये असं, हे मलाच ठाऊक नाही. तू एवढ्या हौसेने बांधलास. नाही कसं म्हणू?"

अक्षताला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिने सूप ओढलं आणि आईच्या समोर बसून राहिलेली सुकट निवडू लागली. हात रिकामे ठेवणं कठीण असतं, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं. आई मात्र काही न करता बसली होती. हात मांडीवर हलत होता आणि दोघी बिनआवाजाच्या बातम्या बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी हेमचंद्र सर शुक्रवारच्या तयारीत होते. सात नंबरची रेघ त्यांनी मोठी करून मधोमध घेतली होती, वर हिरव्या अक्षरात काहीतरी लिहीत होते. सर गिरगावातले, चांगल्या मनाचे. कुणाचा वाढदिवस विसरायचे नाहीत. अक्षता त्यांच्या टेबलाशी उभी राहिली.

"सर, सात नंबर माझी आई आहे."

"अरे वा! मग त्यांनाच बोलवू ना शुक्रवारी."

"ती तबला वाजवत नाही, सर. तिचा हात कापतो. कंपवात असणार, अजून डॉक्टरांना दाखवलं नाही. काल तुमच्याबरोबरच मला कळलं."

सरांचं बोट माऊसवर तसंच राहिलं. खालच्या छापखान्याची धडधड फरशीतून वर येत होती. "मी कसला मूर्ख," सर म्हणाले. "सगळ्यांसमोर मी..."

"तुम्हाला काय माहीत."

"नाही, तरी." त्यांनी ती रेघ पुसून टाकली. रिकाम्या पडद्याकडे थोडा वेळ बघितलं. अक्षता वळली तेव्हा त्यांनी हाक मारली, आणि त्यांच्या आवाजात संकोच होता, पण दुसरंही काहीतरी होतं. ते तिला चटकन ओळखू आलं, कारण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तेच तिच्याही मनात येऊन गेलं होतं आणि तिने कूस बदलली होती. "अक्षता, आत्ता हे बोलणं बरं दिसत नाही. पण अशा लोकांसाठी पट्टा... म्हणजे त्यांना बटणं, चार्जर, ते सगळं जमत नाही ना. आणि यांच्या बाबतीत तो कधी बंदच पडणार नाही."

"मला माहितीय, सर. मी पण तोच विचार केला." हे कबूल करताना तिला हलकं वाटलं. "पण ते मी नाही ठरवू शकत. हात तिचा आहे. तिला विचारते. आत्ता नाही, जरा सावकाश."

"सावकाश," सर म्हणाले. "घाई नाही." आणि घाई होती हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या शुक्रवारी बंगळूरच्या पाहुण्यांना एका कुरिअरवाल्याची रेघ दाखवली गेली. ती त्यांना बरी वाटली, एवढंच.

आईला हॉस्पिटलात यायला राजी करणं वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. फक्त आपल्या जुन्या हॉस्पिटलात नको, एवढंच ती म्हणाली. मग एका सकाळी तीच म्हणाली, नको कशाला, तिथेच जाऊ, तिथली बाकं तरी ओळखीची आहेत. त्यांनी केसपेपर काढला. आई रांगेत उभी राहिली, बाकावर बसली, नाव पुकारल्यावर उठली. चाळीस वर्षं ज्या दारातून ती नुसता खांदा लावून आत जायची, त्या दारावर तिने टकटक केलं. वाटेत भेटलेल्या दोघी-तिघींनी "सिस्टर, इकडे कुठे?" म्हणून विचारलं. आईने सगळ्यांना "दाखवायला आले" असं सांगितलं, आणि काय, ते नाही सांगितलं.

डॉक्टर तरुण होता. आई निवृत्त झाल्यानंतर आलेला, त्यामुळे तिला ओळखत नव्हता. त्याने आईला खुर्चीत बसवलं. मनगटावर अजूनही असलेला पट्टा काढायला सांगितला. आईची बोटं बक्कलशी झटू लागली. अक्षता मदतीला पुढे झुकली, आणि झुकलेली तशीच थांबली. मग मागे झाली. बक्कल निघायला वेळ लागला. डॉक्टरही थांबून राहिला, हे तिला बरं वाटलं.

"दोन्ही हात मांडीवर ठेवा. सैल सोडा. डोळे मिटा. आता शंभरातून तीन तीन वजा करत मोठ्याने म्हणत जा."

"सत्त्याण्णव," आई म्हणाली. "चौऱ्याण्णव. एक्क्याण्णव." उजवा हात सुरू झाला. आई त्याला धरत नव्हती, झाकत नव्हती. मोजणीत लक्ष गुंतलं तसा तो वाढत गेला. अक्षताने त्याच्याकडे नीट पाहिलं, सुरुवातीला नाइलाजाने, मग तशी गरज उरली नाही. हा हात होता. रेघ नव्हे. बोटांची पेरं सुजलेली होती, एका नखाखाली हळद होती. "अठ्ठ्याऐंशी. पंच्याऐंशी. एक्क्याऐंशी... नाही, थांबा. ब्याऐंशी."

"पुरे," डॉक्टर म्हणाला. त्याने हात वाकवून पाहिले, बोटं आपटायला लावली, दारापर्यंत चालवून परत आणलं. मग विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"डिसेंबरपासून," अक्षता म्हणाली.

"नाही," आई म्हणाली. "त्याच्या आदल्या डिसेंबरपासून." ती अक्षताकडे बघत नव्हती. आवाज वॉर्डातला होता, डॉक्टरांच्या राऊंडला पेशंटची हकीकत सांगणारा, स्पष्ट आणि भरभर न जाणारा. "रात्री झोपेत होत नाही. काम करताना कमी असतं. अक्षर बारीक झालंय. पाठीचा ताठपणा सकाळी जास्त. वास येणं त्याच्याही आधी गेलंय, दोन वर्षं तरी. सुकट खराब झालेली कळत नाही, म्हणून नुसती बघून निवडते." डॉक्टर लिहिता लिहिता थांबून तिच्याकडे बघू लागला. "आणि डावा हात पण बघून घ्या. अजून बाहेर दिसत नाही. पण पहाटे जाग येते तेव्हा आतून जाणवतं मला, कातडीच्या खाली कोणीतरी चालल्यासारखं. हे मी कुणालाच बोलले नाही."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि आईचा डावा हात आपल्या हातात घेतला. अक्षताही आपली खुर्ची जवळ घेऊन बसली. "सांग," ती म्हणाली, "अजून काय काय होतं ते सांग." आई सांगू लागली.